अडचणीच्या दिवसांत उपकारस्तुती कशी करावी

सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला, त्या आठवड्यात भेटायला आलेल्यांपैकी निदान पाच जणांनी मला बायबलातले एकच वचन ऐकवले: "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा," म्हणजे देवाचे आभार माना. सगळ्यांचा हेतू चांगलाच होता. पण कॉटला लघवीची पिशवी लटकलेली, मोरीत दोन दिवसांची भांडी आणि यजमानांची नोकरी महिन्यापूर्वीच गेलेली. मला उपकारस्तुती काही सुचली नाही. पाचव्या पाहुण्याला मात्र चहा न विचारताच वाटेला लावले.

नगरच्या ख्रिस्ती मंडळीत वाढलेली मी. शब्बाथशाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, हे वचन पाठ म्हणून बक्षिसाची पेन्सिल मिळवलेली. पाठ असणे आणि करता येणे यांत किती अंतर आहे, ते पुढच्या सव्वादोन वर्षांत कळले. त्या काळात जे करून पाहिले आणि टिकले, ते इथे क्रमाने लिहिते. काही गोष्टी टिकल्या नाहीत, त्याही सांगेन. घरात आजारपण असो, नोकरी गेलेली असो, कुणी माणूस गेलेले असो, पायऱ्या थोड्याफार याच. मात्र त्यांचा क्रम बदलू नका. माझी चूक तिथेच झाली होती.

आधी ते वचन नीट वाचा

हे वचन ज्या पत्रात आहे, ते प्रेषित पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला साधारण इ. स. ५०च्या सुमारास लिहिले. त्याच गावातून त्याला रातोरात बाहेर काढावे लागले होते, ही हकिकत प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात आहे. म्हणजे लिहिणारा काही आरामखुर्चीत बसलेला नव्हता. मूळ ग्रीकमध्ये 'एन पान्ती' असे शब्द आहेत आणि आपल्या मराठी भाषांतराने ते चोख आणले आहेत: सर्व स्थिती*त*. झटका आला म्हणून देवाचे आभार माना, असे त्यात कुठेही नाही.

कुणी जाणकार लगेच इफिसकरांस पत्र काढेल. तिथे पाचव्या अध्यायात 'सर्व गोष्टींबद्दल' आभार मानायला सांगितले आहे. खरे आहे, ते वचन मी लपवत नाही. पण त्याच्या शेजारी योहानाचा अकरावा अध्याय ठेवून वाचा. लाजाराच्या कबरेजवळ येशू काय करतो? ३५व्या वचनात रडतो. ४१व्या वचनात पित्याचे आभार मानतो, तेही आपले ऐकले म्हणून. मित्र मेला म्हणून आभार मानलेले नाहीत. रडणे आधी, आभार सहा वचनांनंतर. मला या सहा वचनांच्या अंतराने फार धीर दिला.

पहिली पायरी: तक्रार करा, आणि ती देवाकडेच करा

मी सुरुवातीला थेट आभारांवर उडी मारली. रोज रात्री डोळे मिटून "प्रभू, तुझे आभार" म्हणायचे आणि दात आवळून झोपायचे. तीन आठवड्यांत माझी प्रार्थनाच बंद पडली. खोटे बोलून बोलून माणूस थकतो, देवाशीसुद्धा.

बायबलातल्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत आणि त्यांतली पुष्कळशी चक्क गाऱ्हाणी आहेत. उपासनेत आपण आनंदाची स्तोत्रे जास्त वाचतो, म्हणून हे लक्षात येत नाही. तेरावे स्तोत्र काढा. सहाच वचने आहेत. सुरुवातीला कवी देवाला 'कोठवर?' असे विचारतो, आणि तेही एकदा विचारून थांबत नाही. मग मागणे येते आणि अगदी शेवटी भरवशाचे दोन शब्द. हाच साचा घ्या.

करायचे असे. दार लावून दहा मिनिटे बसा. कागद घ्या. पहिल्या ओळीत देवाला हाक मारा, मग जे खुपते ते तसेच्या तसे लिहा. भाषा सोवळी नको. माझ्या कागदावर एकदा "देवा, तुला झोप लागते का? मला लागत नाही" असे होते. मग काय हवे ते नेमके मागा: 'शांती दे' असे मोघम नको, 'आज रात्री चार तास सलग झोप दे' असे. शेवटी भरवशाची एक ओळ लिहिता आली तर लिहा, नाही आली तर राहू द्या.

ती ओळ न येणारे दिवसही असतात. त्यांच्यासाठी ८८वे स्तोत्र आहे. ते अंधारातच संपते, शेवटी उजेडाची तिरीपसुद्धा नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. कुणीतरी ते काढून टाकायचे राहून गेले असे झालेले नाही. पिढ्यान्‌पिढ्या ते जपले गेले. बायबलातल्या विलापगीत या पुस्तकाचेही तसेच. यरुशलेमेचा पाडाव झाल्यावरची ती पाच शोकगीते. 'देवाची दया रोज सकाळी नवी होते' हे आपल्या कॅलेंडरांवर छापलेले वचन त्यांच्या ऐन मध्यावर, तिसऱ्या अध्यायात आहे. पुढेमागे सगळा राखरांगोळीचा हिशेब. कॅलेंडरवाले तेवढे कापून घेतात, त्यांची जागेची अडचण समजू शकते.

दुसरी पायरी: आपले शब्द संपले की उसने घ्या

आमच्याकडे पूर्वी रात्री जेवणाआधी कुटुंबप्रार्थना व्हायची: एक गीत, शास्त्रपाठ, मग प्रत्येकाने प्रार्थना. आजारपणात ती मोडली, कारण अर्ध्या तासाची सवड कुणालाच नव्हती. ती पूर्ण बंद करण्याऐवजी लहान करायला हवी होती, हे उशिरा सुचले. आता सांगते ते प्रमाण धरा: गीताचे एक कडवे, एक छोटे स्तोत्र आणि प्रभूची प्रार्थना. पाच मिनिटे. वेळ घड्याळाला न बांधता कामाला बांधा. आमच्या घरी रात्रीच्या गोळ्या द्यायच्या वेळेला ती बांधली. गोळ्या चुकत नसत, म्हणून प्रार्थनाही चुकेना.

स्वतःची प्रार्थना रचण्याचा हट्ट या काळात सोडा. सासूबाईंची वाचा झटक्यात गेली होती. 'पाणी' हा शब्दसुद्धा येत नसे. हातवारे करून थकल्या की डोळ्यांतून पाणी काढत. एका रात्री आम्ही "हे आमच्या स्वर्गातील पित्या" सुरू केले आणि त्या आमच्याबरोबर म्हणू लागल्या. शब्द घसरत होते, पण येत होते. पार "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" पर्यंत आल्या. यजमानांना पुढे म्हणता येईना. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सांगितले की असे होते. नेहमीचे बोलणे गेले तरी लहानपणापासून घोकलेल्या प्रार्थना आणि गाणी पुष्कळदा शाबूत राहतात. त्यानंतर आम्ही रोज गायलो. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर अभंगाच्या वळणाची जी गीते रचली, ती आमच्या सासूबाईंच्या हाडात मुरलेली होती. बोलता येत नव्हते, गाता येत होते.

म्हणून तुमच्या घरात आज सगळे ठीक असेल, तर मुलांकडून एक-दोन स्तोत्रे आणि गीते पाठ करून घ्याच. पेन्सिल बक्षीस द्या हवी तर.

त्या भाकरीच्या वचनावर आणखी थोडे. मागणे *आजच्या* भाकरीचे आहे. अरण्यात इस्राएल लोकांना देवाकडून मान्ना हे अन्न मिळत असे तेही एका दिवसापुरते. दुसऱ्या दिवसासाठी ठेवले की किडे पडत, असे निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात लिहिले आहे. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायची मुभा. सहा महिन्यांनी पैसे कुठून येतील या काळजीने मी आजची भाकर कडू करून खात होते. मग आम्ही एक नियम केला: पैशाचा हिशेब शनिवारी संध्याकाळी, एक तास, वही घेऊन. बाकीचे सहा दिवस त्यावर बोलायचे नाही. हा नियम पाळणे सगळ्यांत अवघड गेले, आणि उपयोगही त्याचाच सगळ्यांत जास्त झाला.

तिसरी पायरी: तीन ओळींची वही

आता आभार. एक साधी शाळेची वही घ्या, रोज तीन ओळी लिहा. सगळे हेच सांगतात, पण कसे लिहायचे ते सांगत नाहीत, म्हणून महिन्याभरात वही 'आरोग्य, कुटुंब, घर' अशा शब्दांनी भरते आणि कंटाळा येतो. माझे नियम असे.

ओळीत माणूस हवा, त्याने केलेले काम हवे आणि जमल्यास वेळ हवी. 'शेजाऱ्यांबद्दल आभार' ही ओळ बाद. 'समोरच्या काकूंनी दुपारी दीड वाजता मेथीची भाजी आणून दिली, डबा परत नको म्हणाल्या' ही ओळ चालेल. माणसाऐवजी वस्तू असली तरी ती डोळ्यांना दिसायला हवी: 'फिजिओथेरपीच्या वेळी डाव्या पायाचा अंगठा हलला.'

दुसरा नियम: तुलना करायची नाही. "आपल्यापेक्षा वाईट अवस्थेत किती लोक आहेत बघ" हे आपल्याकडे आभार मानायला लावण्याचे हुकमी वाक्य. लूकच्या अठराव्या अध्यायातला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा माणूस, मंदिरात नेमके हेच करतो: मी इतरांसारखा नाही म्हणून देवा, तुझे आभार. आभारप्रदर्शन झकास, पण नीतिमान ठरून घरी गेला तो शेजारचा जकातदार. दुसऱ्याच्या दुःखावर उभे राहून मानलेले आभार येशूला आवडले नाहीत, एवढे तिथे स्पष्ट आहे.

तिसरा: ओळ सुचली नाही तर जागा रिकामी ठेवा. भरण्यासाठी भरू नका.

याचा उपयोग होतो का, हे मानसशास्त्रज्ञांनीही तपासून पाहिले आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो या दोघांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातला एक भाग स्नायूंच्या दुर्धर आजाराच्या रुग्णांवर होता. तीन आठवडे रोज आभाराच्या गोष्टी लिहिणाऱ्यांना मन प्रसन्न असल्याचे अधिक जाणवले, झोपही बरी लागली. आजार मात्र होता तिथेच होता. माझाही अनुभव एवढाच, आणि जागरणाच्या दिवसांत बरी झोप ही थोडी गोष्ट नाही.

चौथी पायरी: झोपण्याआधी दिवस मागे वळून पाहा

ही पद्धत माझ्या वसईच्या कॅथलिक मैत्रिणीने शिकवली. आम्हा प्रॉटेस्टंट घरांत ती फारशी ठाऊक नसते, पण चांगली गोष्ट कुणाकडूनही घ्यावी. लोयोलाचा इग्नाशियस हा मुळात शिपाई. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला आणि अंथरुणावर पडल्या पडल्या त्याचे आयुष्य फिरले. त्याने घालून दिलेल्या आत्मपरीक्षणात पाच टप्पे आहेत आणि गंमत म्हणजे त्यांतला पहिला उपकारस्तुतीचा आहे. मग प्रकाश मागायचा, दिवस आठवायचा, चुकले तिथे क्षमा मागायची आणि उद्याचा एक निश्चय करायचा.

मी अंधारात पडूनच करते. सकाळच्या दुधाच्या पिशवीपासून दिवस तासातासाने आठवायचा. कुठे जीव हलका झाला? कुठे आवळला? दोनच प्रश्न. मध्येच झोप लागली तर लागू द्यायची. या सवयीने मला एक गोष्ट दाखवली, जी वहीत कधी आली नसती: माझा सगळ्यांत वाईट तास संध्याकाळी सहा ते सात होता आणि त्या तासात मी रोज मुलीवर ओरडत होते. उपाय साधा निघाला. त्या तासात नणंद येऊन बसू लागली आणि मी गच्चीवर जाऊ लागले.

पाचवी पायरी: दगड उभा करा

वहीतल्या ओळी पुसट होतात, म्हणून मोठी गोष्ट घडली की तिची डोळ्यांपुढे खूण ठेवा. इस्राएलचा संदेष्टा शमुवेल याने मिस्पा आणि शेन यांच्यामध्ये धोंडा उभा करून त्याला एबन-एजर म्हटले, म्हणजे साहाय्याचा धोंडा. देवाने इथपर्यंत साहाय्य केले, असा त्याचा भाव. किती ख्रिस्ती घरांच्या दारावर 'एबनेजर' अशी पाटी असते! ही गोष्ट ज्यात आहे त्या १ शमुवेल या पुस्तकाचा चौथा अध्याय मात्र फार जण वाचत नाहीत. एबन-एजरला तळ देऊनच इस्राएल आधी सपाटून हरले होते आणि कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्यांची पवित्र पेटीही गमावून बसले होते. हार आणि साहाय्य दोन्हींना एकच नाव.

आम्ही खिडकीत नदीतले गोटे ठेवले. सासूबाई पहिल्यांदा आधाराने उठून बसल्या तो एक. यजमानांना निम्म्या पगाराची का होईना, नोकरी लागली तो एक. सव्वादोन वर्षांत सात गोटे झाले. भोपळ्याएवढे मोठे यश मिळेपर्यंत थांबू नका, पण रोज एक असेही करू नका.

सहावी पायरी: मदत मागा, आणि औषधही घ्या

विश्वास आहे म्हणून डॉक्टर नको, असे कुणी सांगत असेल तर ऐकू नका. संदेष्टा एलीया जीव नकोसा होऊन झुडपाखाली पडला, तेव्हा दूताने त्याला आधी भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून खाऊ घातले. देवाशी बोलणे त्यानंतर कितीतरी दिवसांनी, होरेब डोंगरावर. दोन आठवडे झोप नसेल, जेवण जात नसेल, सतत रडू येत असेल तर डॉक्टरांकडे जा. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडेसुद्धा थांबू नका, आजच कुणाला तरी सांगा. सरकारची टेलि-मानस ही मोफत मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालते आणि मराठीतही बोलता येते. मी स्वतः आठ महिने गोळ्या घेतल्या आहेत. त्यांच्याबद्दलही वहीत एक ओळ आहे.

मंडळीकडे मदत मागताना मोघम मागू नका. "प्रार्थनेत आठवण ठेवा" म्हटले की लोक प्रार्थना करतात आणि घरी जातात. मी पाळकबाईंना यादी करून दिली: मंगळवारी डबा, गुरुवारी दोन तास सोबत, महिन्यातून एकदा रिक्षा. यादीतले सगळे मिळाले. लोकांना करायचे असते, काय करावे ते कळत नसते.

आणि भेटायला जाणाऱ्यांसाठी: बायबलातल्या, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांनी पहिले सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसून काढल्या. तेवढे त्यांचे बरोबर होते. बोलायला लागले आणि घोटाळा झाला. तेव्हा वचन सांगण्याआधी मोरीतली भांडी घासा.

सातवी पायरी: थोडे बाहेर जाऊ द्या

ही पायरी शेवटचीच, आणि पहिल्या काही महिन्यांत तिचा विचारही करू नका. पण आभार घरातच कोंडून ठेवले की आंबतात. पंडिता रमाबाईंचे वडील १८७४ मध्ये दुष्काळाच्या हालअपेष्टांत गेले, पाठोपाठ आई आणि बहीणही गेली. पुढे भाऊ गेला, नवरा गेला. वीसेक वर्षांनी, १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा याच रमाबाई तिथे गेल्या आणि शेकडो मुली व विधवांना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी दौंडजवळच्या केडगावला मुक्ती सदन उभे राहिले, ते आजही आहे. भूक कशी असते हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

आपल्याला केडगाव उभारायचे नाही. आमच्या मंडळीत कापणीचा सण असतो. लोक धान्य, भोपळे, अंडी, कोंबड्या आणतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. त्या वर्षी न्यायला काही नव्हते, म्हणून मुलीने कुंडीतला कढीपत्ता खुडून नेला. तो पन्नास रुपयांना गेला. ज्यांनी घेतला त्यांनी तो तिथेच आमच्या हातात परत दिला आणि म्हणाले, "बाई, पुन्हा लिलावात ठेवा." तीनदा विकला गेला.

सासूबाई मागच्या श्रावणात गेल्या. त्या दिवसाच्या पानावर पहिली ओळ अशी आहे: 'दफनभूमीत पाऊस असताना खड्डा खणणाऱ्या दोघांनी आधी काम, मग चहा म्हटले.' दुसरी: 'रात्री अकराला नणंदेने माझे पाय चेपले.' तिसरी जागा रिकामी आहे.

खिडकीतले गोटे अजून तसेच आहेत. पुसायला घेतले की मुलगी क्रम चुकू देत नाही.